आणि पाळीचं कोण?

विश्वंभर गुरुजी कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या चपला मोजतात. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलतात. मग आत येऊन पाणी पितात, पिकापाण्याची चौकशी करतात आणि घरात माणसं किती, हे यजमानाच्या तोंडून ऐकून घेतात. यजमान सांगतो, सहा. गुरुजी एकेक नाव विचारतात, सहा नावं होतात आणि यजमान सुटल्यासारखा मागे टेकतो. तेवढ्यात गुरुजी चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "बराबर. आणि पाळीचं कोण?"

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळायचा नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की रान वाटून घेतात, बैल वाटून घेतात. विहीर काही वाटता येत नाही, म्हणून तिच्या पाण्याची पाळी लावतात. चार दिवस याचे, चार दिवस त्याचे. आईबापही वाटता येत नाहीत. मग त्यांचीही पाळी लावतात. महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे. बहुतेक घरांत पौर्णिमेला पाळी बदलते, कारण पौर्णिमा लक्षात ठेवायला कॅलेंडर बघावं लागत नाही. त्या दिवशी म्हातारं माणूस आपलं गाठोडं आणि गोळ्यांची पिशवी घेऊन या घरातून त्या घरात जातं. यात कुणाला काही वाईट वाटत नाही, निदान तसं कुणी बोलून दाखवत नाही.

मी गुरुजींची मुख्याध्यापिका. वयानं त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान आणि जालन्यात वाढलेली, त्यामुळे वाटूर फाट्यावरून आत वळल्यावर जे आमचं गाव लागतं, तिथे मी कागदावर साहेब आणि प्रत्यक्षात पाहुणी आहे. गुरुजी त्याच गावचे. निवृत्तीला काही महिने उरलेत. शाळेत ते दुसरीला शिकवतात, पण गावात त्यांना ओळखतात ते "खानेसुमारीवाले गुरुजी" म्हणून. खानेसुमारी म्हणजे जनगणना. निजामाच्या वेळचा शब्द आहे, आमच्याकडची जुनी माणसं अजून तोच वापरतात.

मोजण्याच्या बाबतीत या माणसाचा कुणावरही विश्वास नाही. मी शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात खिचडीच्या वेळी मुलांना म्हटलं, किती जण जेवणार, हात वर करा. गुरुजी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, हात मोजू नका. हात दोन असतेत, अन् भूक लागली की दोन्ही वर व्हतेत. ताटं मोजा." मी हात मोजले, एकोणसाठ भरले. त्यांनी ताटं मोजली, त्रेपन्न. तेव्हापासून मी मोजायच्या भानगडीत पडत नाही.

अशा माणसाला जनगणनेची ड्युटी लागली की बाकीचे शिक्षक हळहळतात आणि हा नवरदेवासारखा फुलतो. या वेळी तर फारच. दहा वर्षांनी यायची ती गणती करोनानं पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि शेवटी आली तेव्हा कागद जाऊन फोनवर आली. गुरुजी प्रगणक झाले, म्हणजे घरोघर जाऊन माणसं लिहिणारे. आणि मी झाले त्यांची पर्यवेक्षक, म्हणजे ते लिहितात की नाही हे बघणारी. तालुक्याला प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेले साहेब तरुण होते. ॲप कसं उघडायचं, कुठलं बटण कधी दाबायचं, सगळं व्यवस्थित सांगून त्यांनी विचारलं, "काही शंका?" गुरुजी उभे राहिले.

"साहेब, माणूस दोन घरी जेवत असंल तर त्याला कुठं धरायचं?"

साहेबांनी पुस्तिका चाळली. "नेहमी जिथे राहतो तिथे."

"नेहमी दोन्हीकडं राहतो."

"मग गणतीच्या दिवसांत जिथे सापडेल तिथे."

"अन् गणतीच्या मधीच पौर्णिमा येत असंल तर?"

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. चहाच्या वेळी गुरुजी कप घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. साहेबांनी चहा अर्धा टाकला.

गुरुजींची मोजायची पद्धत कुठल्याही पुस्तिकेत नाही. ते बाईमाणसाला विचारतात, "सकाळी भाकरी किती थापल्या?" मग कोण किती खातं ते विचारतात. मग मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि म्हणतात, "दोन भाकरी उरून राह्यल्या. त्या कोणाच्या?" अशा उरलेल्या भाकरींतून त्यांनी या वेळी एक सालगडी, एक नांदायला न गेलेली लेक आणि गोठ्याच्या माळ्यावर राहणारा एक चुलत सासरा शोधून काढला. हे तिघंही घरच्यांनी लपवले नव्हते. सांगायचे राहिले होते एवढंच. गुरुजींचं म्हणणं असं, की लपवलेलं माणूस सापडतं, गृहीत धरलेलं सापडत नाही.

गावात एक शेठजी आहेत, कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठजींनी आपल्या कुटुंबाची माहिती आधीच मोबाईलवर स्वतः भरून टाकली होती. गुरुजी गेले तेव्हा त्यांनी नुसता नंबर पुढे केला. "गुरुजी, सब हो गया. तुम्हाला काही त्रास नको म्हणून आम्हीच भरलं." गुरुजींनी दारातल्या चपलांकडे बघितलं आणि बसून घेतलं. अर्ध्या तासात निघालं, की शेठजींकडे तीस वर्षांपासून स्वयंपाक करणारे महाराज, मागच्या खोलीत राहतात, ते लिहिलेलेच नाहीत. शेठजी मनापासून ओशाळले. म्हणाले, "अहो, ते तर घरचेच आहेत ना! म्हणून ध्यानातच नाही आलं." गुरुजी मला नंतर म्हणाले, "बघा म्याडम. परका असता तर लिवला असता."

दुसरी एक आजी. तिला नातवंडं मोजून घ्यायची नव्हती. लेकरं मोजली की दृष्ट लागते, असं तिचं ठाम मत. "हायेत देवाच्या दयेनं तेवढे," यापलीकडे ती जाईना. मी पुस्तिकेतलं वाक्य तिला वाचून दाखवलं, तर ती मलाच उठवायला निघाली. गुरुजींनी लेकरांना ओट्यावर रांगेत बसवलं आणि खळ्यावर धान्य मापताना मोजतात तसं मोजलं. खळ्यावर पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ, दोन, तीन, चार, पाच." आजी खूश. लाभानं सुरुवात केलेल्या मोजणीला दृष्ट लागत नाही म्हणे. ॲपमध्ये पाच गेले.

"कशाला मोजता हो एवढं?" हा प्रश्न तर प्रत्येक ओट्यावर यायचा. याचं उत्तर गुरुजींकडे तयार असे. "मला सांग, घरात पाव्हणे किती आले हे न इचारता तुझी बायको पीठ मळती का? मंग सरकारनं न मोजता कसं मळावं? शाळा किती लागतेत, दवाखाने किती, नळाला पाणी किती, समदं ह्याच्यावर. निजामानं मोजलं, इंग्रजानं मोजलं, पर त्यांना वसूल अन् शिपाई पायजे व्हते. आता आपण आपल्याला मोजून राह्यलो. पैलीच गोष्ट, कोण हाये ते तर कळू द्या." मग आवाज खाली आणून ते पुढचं सांगत, "अन् घाबरू नको, ह्यातलं कोणाला दाखवत न्हाईत. कोर्टातबी चालत न्हाई."

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण त्यांची पर्यवेक्षक होऊन बघा. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी प्रत्येकाचा टक्का यायचा. बाकीच्यांचे टक्के भराभर वर चढत होते. आमच्या गुरुजींचा टक्का सगळ्यांच्या खाली, आणि त्याच्यासमोर माझं नाव. एकदा मी चिडून म्हटलं, "गुरुजी, टक्का बघा जरा!"

"म्याडम," ते शांतपणे म्हणाले, "टक्के गोळा करायला पाठवलं असतं तर बाजारात गेलो असतो. मला माणसं गोळा करायला पाठवलंय."

शेवटी शेवटी मात्र त्यांनी सगळं गाव उरकत आणलं. एका सकाळी मी यादी बघितली तर फक्त एक घर बाकी दिसत होतं, लहू नावाच्या शेतकऱ्याचं. मी खूश होऊन तालुक्याला "आज पूर्ण" असं कळवूनही टाकलं. दुपारी गुरुजी शाळेत आले ते लहूचं घर लिहून, पण चेहरा असा की घरातलं कुणी गेलं असावं.

"एक माणूस पडलं," ते म्हणाले.

"कुठून पडलं?"

"दोघांच्या मधून."

प्रकरण असं होतं. लहू आणि त्याचा थोरला भाऊ अंकुश. लहू गावात राहतो, अंकुश मळ्यात, वस्तीवर. त्यांची आई गयाबाई, पाळीची. गुरुजी दोन दिवसांपूर्वी अंकुशच्या वस्तीवर गेले होते, तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. अंकुश म्हणाला, माय लहूकडं हाय, तिकडं लिवा. गुरुजींनी डायरीत तसं टिपून ठेवलं. आज लहूकडे गेले, तर दारात जीप उभी. लहूच्या मेव्हण्याचं लग्न धावड्याला, सगळं घर निघायच्या तयारीत. गयाबाई कुठे दिसेनात. लहू म्हणाला, "मायला काल अंकुशकडं सोडून आलो. लग्नात तिचं कुठं करता? तिकडं लिवा." पौर्णिमेला अजून चार दिवस होते. पाळी लहूची होती. जीप निघून गेली.

"बरं, मग अंकुशच्या घरात एक नाव वाढवा," मी म्हटलं. "त्यात काय?"

"फोन केल्ता. अंकुश न्हाई म्हणून राह्यला."

"मग राहिलेल्यांसाठी नंतर उजळणीची फेरी असतेच की. तेव्हा बघू. एका माणसासाठी..."

सहा वर्षांत गुरुजींनी माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "उजळणीत न्हाई म्याडम. आत्ता. तुम्ही येत नसाल तर मी पायी जातो." आणि खरोखर फोन खिशात टाकून ते चालायला लागले. मी स्कूटी काढली. मला राग आला होता, त्यांचा आणि माझ्या त्या "आज पूर्ण"चा.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंकुश म्हशीला पाणी दाखवत होता. आणि ज्यांना कुठे धरायचं हा प्रश्न होता त्या गयाबाई समोरच ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. लहानखुऱ्या, कमरेत वाकलेल्या, हात मात्र भराभर चालत होते.

"ह्या काय, बसल्यात की!" मी म्हटलं.

"बसली हाय," अंकुश म्हणाला, "पर आज ती माझ्याकडं न्हाई. पाळी लहूची हाय. अजून चार दिवस त्याचे हायेत. पौर्णिमेनंतर माझ्याकडं."

मला हसू आलं. मी ते आवरलं, कारण अंकुशच्या चेहऱ्यावर थट्टेचं नावही नव्हतं. गुरुजी तर मुळीच हसले नाहीत.

"सकाळी कुठं जेवली?" गुरुजींनी विचारलं.

"हितंच."

"काल राती कुठं झोपली?"

"हितंच. पर गुरुजी, तुमी समजून घ्या नं. एकदा का कागदावर माझ्याकडं लागली, की लहू म्हणणार, सरकारनंच तुझ्याकडं लावून दिली. मंग न्यायलाच येणार न्हाई. मागच्या दिवाळीला ती पडली तवा दोन पाळ्या सलग मीच केल्या, आला का तो? मी मायला न्हाई म्हणत न्हाई. पर हिशेब बराबर पायजे."

गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं. हा कागद कुणाला दाखवत नाहीत. याच्यावरून कुणाची पाळी ठरत नाही. सरकारला पाळी कळत नाही, माणूस कुठे जेवलं तेवढं कळतं. अंकुश मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "तुमी लिवा, पर मी माहिती देणार न्हाई." आणि म्हशीकडे वळला.

गुरुजी ओसरीवर गयाबाईंसमोर मांडी घालून बसले. "मंग मी ह्यांनाच इचारतो. जोवर व्हत न्हाई तोवर मी हितून उठत न्हाई, अंकुश. सांगून ठेवतो."

खरी पंचाईत त्यानंतर झाली. गयाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "मला नगं लिवू रं बापा."

"काहून, मावशी?"

"माझ्यापायी दोघांत वाकडं नगं. ह्याच्यात लिवलं तर ह्यो कुरकुरतो, त्याच्यात लिवलं तर त्यो. दोघांत चांगलं हाय तवर ऱ्हाऊ दे. मी अशी किती दिसांची? लिवशील, अन् म्या गेले की पुन्हा खोडाया यावं लागंल तुला. एका म्हातारीनं काय कमी पडणार हाय तुझ्या सरकारला?"

मला वाटलं, संपलं. ज्याची माहिती त्यानंच नको म्हटलं. मी उठण्यासाठी पर्स उचलली. गुरुजी हलले नाहीत. त्यांनी समोरच्या ढिगातून चार शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले.

"हेच बोलला व्हता तालुक्यातला कारकून," ते म्हणाले. "एका म्हातारीनं काय फरक पडतो, गुरुजी."

"कोणत्या म्हातारीनं?"

"माझ्या मायनं."

माझ्या माहितीत गुरुजींची आई गेल्याला काही वर्षं झाली होती. याहून जास्त मला काही ठाऊक नव्हतं. गुरुजी शेंगांकडे बघत बोलत होते, आणि मी उचललेली पर्स तशीच मांडीवर धरून ऐकत होते.

"आमी दोघं भाऊ. दादा खालच्या आळीला, मी वरच्या. मायची पाळी पौर्णिमेला बदलायची. मागच्या गणतीला मीच व्हतो. सारी वरची आळी मी लिवली. खालच्या आळीला दुसरे मास्तर व्हते. ते दादाकडं गेले तवा माय माझ्याकडं व्हती. दादा म्हणला, माय धाकट्याकडं हाय, तो गुरुजीच हाय, लिवील की. मी साऱ्या आळीला इचारत फिरलो, कोण हाय, कोण न्हाई. माझं घर शेवटी ठेवलं. घरचंच तर हाय, म्हणलं. तवर पौर्णिमा झाल्ती. माय दादाकडं गेल्ती. मी लिवून टाकलं, माय दादाकडं."

गयाबाईंचे हात थांबले होते.

"काम संपलं तवा मायनं मला इचारलं, 'विश्वा, मला कोणाच्यात धरलं रं?' मी म्हणलं, दादाच्यात. खूश झाली. पुढं महिन्यानं दादाच्या तोंडून निघालं, की त्यानं तिला धरलीच न्हाई. मी तसाच तालुक्याला गेलो. कागद मोहोर लावून पुढं गेल्ते. तो कारकून काय म्हणला ते सांगितलंच. मी मायला काही बोललो न्हाई. ती आपली बायांना सांगायची, माझ्या लेकानं साऱ्या गावाला सरकारात लिवलं, मलाबी लिवलं. मी ऐकून घ्यायचो. म्हणायचो, जाऊ दे, दहा वर्षांनी परत येती खानेसुमारी. तवा पैल्यांदा तिचं नाव लिवीन. दहावं वर्ष आलं तर करोना आला. गणती पुढं गेली. माय थांबली न्हाई."

म्हशीपाशी बादलीचा आवाज व्हायचा थांबला होता. अंकुश तिथेच, आमच्याकडे पाठ करून, उभा होता. मला माझी लाज वाटत होती. या माणसाला मी टक्क्यावरून बोलले होते.

"नाव काय व्हतं तुझ्या मायचं?" गयाबाईंनी विचारलं.

"यमुना."

"मंग लिव की आता."

"लिवता येत न्हाई, मावशी. गेलेलं माणूस धरत न्हाईत."

गयाबाईंनी पदरातली टरफलं झटकली. जरा सावरून, भिंतीला पाठ लावून बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, फोटो काढायला बसतात तसा. "मंग मला नीट लिव," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी फोन काढला. अंकुश जवळ आला. कुणाकडे न बघता म्हणाला, "माझ्यात लिवा, गुरुजी. ते चार दिवसबी माझेच धरा. लहूला काय सांगायचं ते मी सांगतो."

एरवी माणूस एकदा सापडलं की गुरुजी त्याच्यामागे फार वेळ लावत नसत. घरं भरपूर असायची आणि प्रश्नही भरपूर. गयाबाईंना त्यांनी एकेक प्रश्न तब्येतीत विचारला, आणि त्यांनीही एकेक उत्तर तब्येतीत दिलं. वय विचारलं तर म्हणाल्या, रझाकारांच्या धामधुमीत माझी माय मला पोटाशी बांधून पळाल्ती. गुरुजींनी बोटांवर मोजून सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर पूर्ण." त्यावर त्या म्हणाल्या, "इतकी?" आणि आपल्यालाच हसल्या. लेकरं किती झाली, असा एक प्रश्न असतो. त्या म्हणाल्या, सात. हयात किती, तर त्यांनी दोन बोटं वर केली. फोनला फक्त आकडा हवा होता. पण गयाबाई गेलेल्या पाचांची नावं सांगायला लागल्या, आणि गुरुजी फोन मांडीवर ठेवून पाचही नावं ऐकेपर्यंत थांबले. काम कोणतं करता, या प्रश्नाला त्यांनी शेंगांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. अंकुश मधेच म्हणाला, "काही करत न्हाई, बसून असती." गुरुजी म्हणाले, "गप ए," आणि शेतकाम लिहिलं.

"झालं?" गयाबाईंनी विचारलं.

"झालं, मावशी."

"कोणाच्यात धरलं?"

मीच उत्तर देणार होते, तेवढ्यात गुरुजींनी हात वर करून मला थांबवलं. ते सरकत गयाबाईंच्या शेजारी जाऊन बसले, फोन दोघांच्या मधे धरला, त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं आणि पडद्यावरच्या त्यांच्या नावाखाली ठेवलं. गयाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या वाकून बघत राहिल्या.

"ही मी का?"

"ही तुम्ही."

"अन् हे बाजूला काय लिवलंय?"

"नातं लिवलंय. घरातल्या कर्त्या माणसाचं कोण लागता ते."

"कोण लागते?"

"आई," गुरुजी म्हणाले. आणि त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटून, जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा म्हणाले, "आई."